मोडीत निघालेल्या मोटारींची मिरवणूक

२०२४ सालच्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक जुना निर्बंध संपुष्टात आला. प्रवासी मोटारीत फेरफार करून तिचा कोणताही भाग चाकाच्या लोखंडी कड्याच्या तळाहून खाली आणता येणार नाही, असा नियम त्या राज्याने १९५८ साली अमलात आणला होता. सजविलेल्या मोटारी रस्त्यावरून सावकाश फिरविण्यास अनेक शहरांनी घातलेली बंदीही त्याच कायद्याने उठविली. साहित्याला वाहिलेल्या त्रैमासिकात मोटारीच्या उंचीची चर्चा कशाला, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे, की या एका नियमामागे एका कॅथलिक समाजाचा पाऊणशे वर्षांचा इतिहास उभा आहे. दुसऱ्याने वापरून टाकलेल्या वस्तूतून गरिबाने सौंदर्य निर्माण केले, तर प्रतिष्ठित समाज त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हा प्रश्न त्या इतिहासाने विचारला आहे, आणि तो आपल्यालाही लागू पडतो.

हा समाज म्हणजे अमेरिकेतील मेक्सिकन वंशाचा समाज. जुनी मोटार विकत घ्यावी, तिचा गंज काढावा, तिला नवा रंग, नवी मखमल आणि नवी झळाळी द्यावी, तिची पाठ जमिनीपर्यंत झुकवावी आणि रविवारी सायंकाळी ती सहकुटुंब सावकाश फिरवावी, ही त्यांची परंपरा. अशा मोटारीला आणि ती बाळगणाऱ्यालाही ‘लोरायडर’ म्हणतात. जमिनीलगत जाणारा, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ.

या लोकांची कथा मोटारीच्या शोधाहून जुनी आहे. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि आसपासचा विस्तीर्ण मुलूख पूर्वी मेक्सिकोचा होता. अमेरिकेशी झालेल्या युद्धात मेक्सिको हरला आणि २ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या तहान्वये तो मुलूख अमेरिकेकडे गेला. तहावर सह्या झाल्या त्या गावाचे नाव ग्वादालुपे हिदाल्गो. १५३१ च्या डिसेंबरात ज्या तेपेयाक टेकडीवर पवित्र मरियेने हुआन दिएगो या गरीब आदिवासीला दर्शन दिले, अशी श्रद्धा आहे, त्या टेकडीच्या पायथ्याचे हे गाव. त्या हुआन दिएगोला पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ जुलै २००२ रोजी संतपद बहाल केले. सीमारेषा सरकली आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत राहिलेली माणसे एका सहीने परक्या देशाची रहिवासी झाली. पुढे १९१० च्या मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत आणखी असंख्य कुटुंबे उत्तरेकडे आली आणि शेतमळे, रेल्वे व कारखाने यांतील कष्टाची कामे त्यांच्या वाट्याला आली.

मेक्सिको हा देश आपल्याला दूरचा वाटतो. परंतु आपला त्याच्याशी एक रक्ताचा संबंध आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे जे सव्वीस हुतात्मे क्रुसावर चढले, त्यांत वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया होते आणि मेक्सिको नगरीत जन्मलेले संत फिलिप ऑफ जीझस हेही होते. दोघेही फ्रान्सिस्कन संघाचे. वसईच्या आणि मेक्सिकोच्या या पहिल्या संतांना पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी एकाच विधीत संतपद दिले. तेव्हा ज्या समाजाविषयी आम्ही लिहीत आहोत, तो आपल्याला सर्वस्वी परका नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिस शहरात या समाजाच्या तरुणांकडे संशयाने पाहिले जाई. सैलसर विजार आणि गुडघ्यापर्यंत लांब कोट अशी तेव्हा त्यांची पोशाखाची तऱ्हा होती. १९४३ च्या जून महिन्यात रजेवर आलेल्या सैनिकांनी आणि खलाशांनी या तरुणांना रस्त्यात गाठून मारले, त्यांचे कपडे फाडले. आणि पोलिसांनी बहुतांशी अटक केली ती मार खाणाऱ्यांनाच. पोशाखाच्या नावाने ती दंगल इतिहासात ओळखली जाते. याच समाजातील हजारो तरुण त्या वेळी अमेरिकेच्या सैन्यात लढत होते, ही गोष्टही येथे नमूद करावयास हवी.

युद्ध संपले. परतलेल्या तरुणांच्या हाती थोडा पैसा होता आणि अनेकांना सैन्यात यंत्रदुरुस्तीचे शिक्षण मिळाले होते. नवी मोटार घेण्याची ऐपत नव्हती. पण सुखवस्तू लोकांनी विकून टाकलेल्या जुन्या शेव्हरोलेट मोटारी स्वस्तात मिळत. त्याच सुमारास गोऱ्या तरुणांमध्ये ‘हॉट रॉड’चे वेड पसरले होते. जुन्या मोटारीचे वजन कमी करावे, इंजिनाची शक्ती वाढवावी आणि कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानावर ती भन्नाट वेगाने पळवावी, हा त्यांचा छंद. मेक्सिकन तरुणांनी नेमके उलट केले. त्यांनी डिकीत वाळूची पोती टाकून किंवा स्प्रिंगा कापून मोटार खाली आणली आणि ती पायी चालणाऱ्याच्या गतीने हाकली. खाली आणि सावकाश, हे त्यांचे ब्रीद ठरले.

या सावकाशपणाचे मूळ काही अभ्यासक मेक्सिकोच्या खेड्यांतील जुन्या रिवाजात शोधतात. रविवारी सायंकाळी गावच्या चौकात चांगले कपडे घालून फेऱ्या मारावयाच्या, ओळखीच्यांना नमस्कार करावयाचा, म्हाताऱ्यांनी बाकावर बसून तरुणांना न्याहाळावयाचे, असा तो रिवाज. लॉस एंजेलिससारख्या अफाट पसरलेल्या शहरात असा चौक कोठून मिळणार? तेव्हा पूर्व भागातील व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यालाच त्यांनी चौक मानले. ज्याला इतरांनी पाहावे आणि नमस्कार करावा, त्याने घाईने जाऊन कसे चालेल?

१९५८ चा नियम आला तो या पार्श्वभूमीवर. नियमाने खाली आणलेली मोटार बेकायदा ठरविली. रॉन अगीरे नावाच्या तरुणाने वडिलांच्या मदतीने १९५९ साली त्यावर तोड काढली. विमानांच्या सुट्या भागांतील द्रवदाबाचे पंप आणि झडपा त्याने आपल्या कॉर्व्हेट मोटारीला जोडल्या. तत्त्व साधे आहे. विजेच्या मोटारीवर चालणारा पंप तेल दाबाने नळकांड्यात ढकलतो, नळकांड्यातील दट्ट्या स्प्रिंगला रेटतो आणि मोटार वर उचलली जाते. झडप उघडली, की तेल टाकीत परत जाते आणि मोटार खाली बसते. चालकाच्या हाताशी असलेले बटण दाबावे आणि पोलीस दिसताच गाडी कायदेशीर उंचीवर आणावी, अशी ही युक्ती. लवकरच तिचा प्रसार झाला. चारही चाकांना वेगवेगळी नळकांडी बसली, डिकीत जादा बॅटऱ्या आल्या आणि पुढे मोटारी नुसत्या उठबस करण्याऐवजी उड्याही मारू लागल्या. यासाठी १९५८ मध्ये प्रथम निघालेली शेव्हरोलेट इम्पाला विशेष सोयीची ठरली, कारण तिचा सांगाडा इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा असल्याने चाकांजवळ फेरफारास जागा मिळे.

आरंभीची ही सामग्री बरीचशी युद्धानंतर विक्रीस निघालेल्या लष्करी विमानांच्या साठ्यातली होती. विमानाची चाके आणि पंखांच्या झडपा हलविण्यासाठी जी यंत्रे बनली, ती रविवारच्या फेरफटक्याच्या कामी आली. शस्त्रांची शेतीची अवजारे होतील, असे स्वप्न यशया संदेष्ट्याने पाहिले होते. त्याची ही एक लहानशी, अनपेक्षित आवृत्ती म्हणता येईल.

आता या कारागिरीकडे वळू. जुनी मोटार पुन्हा उभी करण्याच्या दोन वाटा आहेत. १९३० ते १९५० या दशकांतील गोलाकार शेव्हरोलेट मोटारी आणि मालवाहू पिकअप ट्रक शक्यतो मूळ रूपातच परत आणतात. त्यांना त्या समाजात ‘बॉम्ब’ म्हणतात. या कामात मूळचा दिवा, मूळचे हँडल, काचेवरची मूळची पत्र्याची झापड मिळेपर्यंत माणसे वर्षानुवर्षे भंगारबाजार धुंडाळतात. दुसरी वाट इम्पालासारख्या पुढच्या काळातील मोटारींची. त्यांत मूळ रूप हा केवळ आरंभ असतो. त्यावर मालकाच्या कल्पनेचा साज चढतो.

दोन्ही वाटांवरचे पहिले काम मात्र एकच, आणि ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. मोटार नटबोल्टपर्यंत खोलावयाची, प्रत्येक भागाचा गंज खरवडावयाचा, सडलेला पत्रा कापून नवा जोडावयाचा, पोचे ठोकून काढावयाचे, अस्तराचा हात द्यावयाचा आणि बारीक काचपेपरने घासत बसावयाचे. रंगाचे काम त्यानंतर. ‘कँडी’ नावाचा जो खोल, पारदर्शक रंग या मोटारींवर दिसतो, त्यासाठी आधी रुपेरी किंवा सोनेरी थर देतात, त्यावर रंगीत पारदर्शक लेपाचे अनेक पातळ हात देतात आणि शेवटी स्वच्छ लाखेचे हात देऊन ते घासून उजळतात. प्रकाश वरच्या थरांतून आत जातो, तळच्या धातूसारख्या थरावरून परततो, आणि म्हणून रंग आतून पेटल्यासारखा वाटतो. एखादा हात कमी-जास्त झाला, तर तेवढाच भाग वेगळा दिसतो आणि सारे पुन्हा करावे लागते. लोखंडी भागांवर तांबे, निकेल आणि क्रोम असे थर चढवितात. लांब केसांच्या कुंचल्याने बारीक रेषा ओढणारा माणूस श्वास रोखून काम करतो. या साऱ्यात पैसा जातो हे खरे. त्याहून अधिक संध्याकाळी जातात, आणि त्या संध्याकाळी बापाच्या हाताखाली मुलगा पाने-पकडी उचलून देत शिकत असतो.

या मोटारींवर काय चितारलेले असते? कुटुंबीयांचे चेहरे असतात, मेक्सिकोच्या पुराणकथांतील वीर असतात; पण पुन्हा पुन्हा भेटते ती ग्वादालुपेची माता. बॉनेटवर, डिकीच्या झाकणावर, कधी आतल्या बाजूला, किरणांच्या वलयात उभी असलेली ती सावळी माता. काट्यांचा मुकुट घातलेले प्रभू येशूचे मुखही दिसते. ही परंपरा समजून घ्यावयाची, तर लॉस एंजेलिस सोडून न्यू मेक्सिकोच्या डोंगराळ उत्तर भागात जावे लागेल.

त्या भागातील एस्पान्योला या गावाला ‘लोरायडरांची राजधानी’ म्हणतात. या खोऱ्यात स्पॅनिश वसाहत झाली ती १५९८ साली, नागासाकीच्या हौतात्म्यानंतर अवघ्या एका वर्षाने. पुढच्या शतकांत येथे धर्मगुरूंची संख्या फार तोकडी पडली. तेव्हा गावच्या साध्या सुतारांनी आणि चित्रकारांनी स्वतःच संतांच्या मूर्ती कोरल्या आणि फळ्यांवर चित्रे रंगविली. या कारागिरांना ‘सान्तेरो’ म्हणतात. कॉटनवूडच्या मुळांचे लाकूड, त्यावर खडूचे अस्तर, त्यावर माती-वनस्पतींचे रंग, हे त्यांचे साहित्य. अस्तर, घासणे, थरांवर थर आणि शेवटी झळाळी, हा क्रम वर वर्णिलेल्या मोटारीच्या कामाशी ताडून पाहावा. सान्तेरोंचा वारसा मोटारींच्या चित्रकारांकडे आला, असे जे म्हटले जाते, ते आम्हांस पटण्याजोगे वाटते.

एस्पान्योलापासून जवळच चिमायो हे खेडे आहे. बर्नार्दो अबेता या गृहस्थाच्या पुढाकाराने तेथे १८१३ ते १८१६ या काळात मातीच्या विटांचे एक लहानसे मंदिर उभे राहिले. त्याच्या एका खोलीत जमिनीला खळगा असून त्यातील माती भाविक श्रद्धेने घेऊन जातात. गुड फ्रायडेच्या दिवशी सांता फे, अल्बुकर्की अशा दूरच्या शहरांतूनही हजारो लोक तेथे पायी येतात. त्याच पवित्र आठवड्यात एस्पान्योलाच्या रस्त्यांवर सजविलेल्या मोटारींची मिरवणूक दिसते. बाहेरच्याला हा विरोधाभास वाटेल. तेथील कुटुंबांना तो वाटत नाही.

याच चिमायोच्या डेव्हिड हारामियो या तरुणाने १९७० च्या दशकात १९६९ सालची फोर्ड एलटीडी मोटार सजविण्यास घेतली. १९७८ साली मोटार-अपघातात त्याचे निधन झाले आणि काम अर्धे राहिले. त्याच्या पत्नीने, आप्तांनी आणि परिसरातील कारागिरांनी ते पुढे नेले. लाल मखमल, झळाळते इंजिन, द्रवदाबाची यंत्रणा आणि बाहेरच्या अंगावर त्या कुटुंबाचे चित्र, असे तिचे रूप सिद्ध झाले. ‘डेव्ह्ज ड्रीम’, म्हणजे डेव्हचे स्वप्न, हे तिचे नाव. १९९० साली वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय इतिहास-संग्रहालयाने ती आपल्या संग्रहात घेतली. मृताच्या अपुऱ्या कामाला आप्तांनी हात लावणे, हे आपल्या धर्मातील मृतांसाठीच्या प्रार्थनेच्या फार जवळचे आहे. दोन्हींच्या मुळाशी एकच श्रद्धा आहे: मरणाने नाते संपत नाही, आणि प्रेमाचे देणे फेडावयाचे राहिले असेल तर ते मागे राहिलेल्यांनी फेडावयाचे असते.

या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नव्हे. पूर्व लॉस एंजेलिसच्या इम्पीरियल्स क्लबचे जेसी वालादेझ यांची ‘जिप्सी रोझ’ ही १९६४ सालची इम्पाला सर्वांत प्रसिद्ध. गुलाबी रंगावर हाताने रंगविलेले गुलाब असे तिचे रूप. १९७४ साली सुरू झालेल्या एका लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेच्या आरंभी ती घरोघर दिसे. पण तिच्या आत झुंबर होते आणि मद्याचीही मांडणी होती. १९७७ साली सॅन होजे येथे निघालेल्या ‘लोरायडर’ मासिकाने खप वाढविण्यासाठी तोकड्या वस्त्रांतील तरुणींची छायाचित्रे छापली, आणि समाजातील स्त्रियांनी त्यास हरकत घेतली. काही क्लबांतील चुरस हाणामारीपर्यंत गेली. रस्त्यांवर टोळ्यांचा हिंसाचारही झाला. मुलांच्या शिक्षणाचा पैसा मोटारीत गेला, असे सांगणाऱ्या मातांचे म्हणणेही खोटे ठरविता येत नाही. वस्तूची हौस वस्तूच्या पूजेत बदलण्यास फार वेळ लागत नाही, आणि बॉनेटवर मातेचे चित्र असले म्हणजे आतला अहंकार आपोआप पवित्र होतो, असेही नाही.

परंतु सरकारने या दोषांवर जो उपाय योजला, तो सरसकट बंदीचा होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्हिटियर बुलेव्हार्ड रात्री फेरफटक्यास बंद करण्यात आला. सॅन होजेने १९८६ मध्ये, सॅक्रामेंटोने १९८८ मध्ये, नॅशनल सिटीने १९९२ मध्ये मोटारी सावकाश फिरविण्यास मनाई केली. ठराविक वेळेत एकाच ठिकाणावरून पुन्हा जाणे हा गुन्हा ठरला. दारू पिऊन भरधाव जाणाऱ्यास शिक्षा हवी, यात दुमत नाही. पण सावकाश जाणाऱ्या बापलेकालाही त्याच मापाने मोजले गेले. दरम्यान यांपैकी अनेक क्लब नाताळात गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करीत होते. १९६२ साली स्थापन झालेल्या ड्यूक्स क्लबने शेतमजुरांच्या संघटनेसाठी मोटारींची प्रदर्शने भरवून निधी उभा केला. स्त्रियांनीही आपले वेगळे क्लब काढले. मग २०२२ मध्ये सॅन होजेने आणि सॅक्रामेंटोने, २०२३ मध्ये नॅशनल सिटीने बंदी मागे घेतली. आणि शेवटी सबंध राज्याचा कायदा झाला. २०१७ साली जिप्सी रोझचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला आणि राजधानीच्या मध्यवर्ती मैदानावर ती काचेच्या पेटीत मांडण्यात आली. जेसी वालादेझ मात्र २०११ मध्येच निवर्तले होते.

धर्मग्रामात काम करणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना वाहनांच्या आशीर्वादाची सवय आहे. नवी रिक्षा, नवा टेम्पो, मुलाची पहिली मोटारसायकल घेऊन लोक मिस्सानंतर चर्चच्या आवारात येतात. ख्रिस्तसभेच्या जुन्या लॅटिन विधिग्रंथातही वाहनाच्या आशीर्वादाची प्रार्थना आहे आणि तीत फिलिपची आठवण केली आहे. रथात बसून धर्मशास्त्र वाचणाऱ्या इथियोपियाच्या अधिकाऱ्याला ज्याने वाटेतच प्रभूची ओळख करून दिली, तो हा फिलिप. १९८४ च्या नव्या आशीर्वाद-ग्रंथातही प्रवासाच्या साधनांसाठी स्वतंत्र विधी आहे. ख्रिस्तसभा वाहनाला आशीर्वाद देते तेव्हा ती त्याच्या किमतीकडे किंवा नवेपणाकडे पाहत नाही. त्यात बसणाऱ्या माणसाकडे आणि वाटेत त्याला भेटणाऱ्या शेजाऱ्याकडे पाहते. या कसोटीवर घासली, तर मद्याचे कपाट असलेली मोटार उणी पडेल. आजीला पुढच्या सीटवर बसवून चिमायोच्या वाटेने हळूहळू जाणारी जुनी शेव्हरोलेट उणी पडणार नाही.

आपल्या भागातही रिक्षांच्या पाठीवर संतांची नावे दिसतात, ट्रकच्या फळ्यांवर चित्रे दिसतात. ती पाहून सुशिक्षित माणूस अनेकदा हसतो. आपल्या धर्मग्रामांत पत्रा ठोकणारे, रंगारी, सुतार, गॅरेजमध्ये हात काळे करणारे तरुण आहेत. मुलगा इंजिनिअर झाला, तर त्याचे नाव चर्चच्या सूचनाफलकावर लागते. मुलगा उत्तम रंगारी झाला, तर आपण त्याला विचारतो, ‘पुढे काय करणार?’ नाझरेथच्या सुताराच्या कार्यशाळेत प्रभू वाढला, असा उपदेश आपण दर वर्षी संत योसेफच्या सणाला ऐकतो. त्या उपदेशाचा आणि त्या प्रश्नाचा मेळ बसत नाही. पुढच्या मार्चमध्ये, संत योसेफच्या सणाच्या मिस्सामध्ये, अर्पणाच्या वेळी दाखल्यांच्या आणि पदकांच्या शेजारी एखादा कुंचला, एखादा पाना, एखादी करवतही वेदीजवळ यावी, आणि ती घेऊन येणाऱ्याचे नाव सूचनाफलकावर लागावे, अशी सूचना आम्ही या लेखाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवतो.